सर, गाडी लेट आलं

सोलापूरच्या आमच्या कॉलेजात मराठीचा तास सकाळी पहिला असायचा, आणि दुधनीकडून येणारी पॅसेंजर कधी वेळेवर यायची नाही. या दोन गोष्टी जुळून आल्या म्हणून मराठीला एक चांगली लेखिका मिळाली, असं मी चारचौघांत सांगत असते. ती लेखिका म्हणजे माझी वर्गमैत्रीण. ती यावर म्हणते, "तुला काहीतरी बोलल्याशिवाय करमत नाही." नाहीच करमत.

तास निम्मा उरकला की ती दारात उभी. स्टेशनपासून भराभरा चालत आलेली, धाप लागलेली, वेणी सुटत आलेली. आमचे सर व्याकरणाचे कडक. खडू फळ्यावर तसाच टेकवून ते मान वळवायचे.

"उशीर का?"

"सर, गाडी लेट आलं."

सर डोळे मिटायचे. पायात काटा रुतलेल्या माणसानं मिटावेत तसे. मग शांतपणे विचारायचे, "गाडी कोणतं लिंग?"

"स्त्रीलिंग, सर."

"मग गाडी काय?"

आणि तिनं तोंड उघडायच्या आत अख्खा वर्ग एका सुरात ओरडायचा, "आली!"

मग तिनं एकदा "आली" म्हणायचं, सरांनी मान हलवायची आणि तिनं बाकावर बसायचं. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा लेट, पुन्हा ती दारात आणि पुन्हा "गाडी आलं". तिला नियम पाठ होता. परीक्षेच्या पेपरात ती एकही लिंग चुकायची नाही. पण धावत आलेल्या माणसाच्या तोंडून घरचीच भाषा बाहेर पडते, त्याला कोण काय करणार?

तिच्या घरी कन्नड. कन्नडमध्ये माणसांना तेवढं पुरुष आणि बाई असतं, बाकी गाडी, भाकरी, चहा, पाऊस सगळ्यांना एकच 'ते'. 'बंतु' म्हणजे आलं. गाडी 'बंतु', चहाही 'बंतु'. दुधनी-अक्कलकोट पट्ट्यातली माणसं मराठीत आली की हा हिशेब बरोबर घेऊन येतात, म्हणून तिकडं बस आलं, चहा झालं आणि भाकरी करपलं. आम्ही मराठीवाले दगडाधोंड्यांनाही बायका-पुरुष करून बसलोय, हे आमच्या कधी लक्षात येत नाही. खुर्ची बाई का आणि टेबल बाप्या किंवा नपुंसक का, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

त्या सामूहिक 'आली'मध्ये माझा आवाज नसायचा. फार मोठं मन होतं म्हणून नव्हे. मी नातेपुत्याची, हॉस्टेलवर राहणारी. माझ्या तोंडात 'व्हय', 'न्हाय' आणि 'लई' ठासून भरलेले. तोंड उघडलं तर काय निसटेल याचा नेम नव्हता, म्हणून मी पहिलं वर्षभर जवळजवळ मुकीच होते. ती मात्र रोज चुकायची आणि रोज बोलायची. मला तिचं फार नवल वाटायचं. तिच्या शेजारी जागा धरून ठेवायला लागले ती तेव्हापासून.

वर्गानं तिचं नावच 'आलं' ठेवलं. कॅन्टीनमध्ये ती शिरली की पोरं मोठ्यानं विचारायची, "मामा, चहात आलं आलं का?" आणि फिदीफिदी हसायची. सुरुवातीला ती खाली मान घालून बसायची. एक दिवस मात्र तिनं पेला हातात घेतला, त्यांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "आलंय की. तिखट लागलं तर सांगा." नंतरही पोरं तिला आलंच म्हणत राहिली, पण त्यातला खवचटपणा गेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तीच पोरं तिला प्रश्न विचारायला यायची.

एका सुट्टीत मी तिच्याबरोबर दुधनीला गेले. घर स्टेशनच्या मागे, दोन खोल्यांचं. वडील आडतीत पोती उचलायचे आणि आई, म्हणजे अव्वा, फलाटावर उकडलेल्या शेंगा विकायची. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. लांबून भोंगा ऐकू आला आणि अव्वा ताटावरून उठून ओरडली, "गाडी आलं!" त्यासरशी घरातलं प्रत्येक माणूस हललं. कुणी टोपली उचलली, कुणी पुड्यांचे कागद घेतले, माझी मैत्रीण उष्ट्या हातानं शेंगांवरचं ओलं फडकं काढायला धावली. गाडी निघून गेल्यावर सगळी परत येऊन थंड झालेल्या ताटांवर बसली. त्या घरात 'गाडी आलं' म्हणजे आता घर चालणार. हे मला त्या दिवशी समजलं. वर्गात मैत्रीण चुकत का होती तेही समजलं. ते वाक्य तिनं शिकलेलं नव्हतं, ती त्यावर वाढली होती.

निघताना मी शहाणपणा करून अव्वाला कन्नडमध्ये 'जेवण झालं' म्हणायला गेले आणि काहीतरी भलतंच बोलून बसले. घरातली सगळी हसून लोळायची बाकी राहिली. अव्वा हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून मराठीत म्हणाली, "असू दे. हळूहळू येतंय."

गाडीत मैत्रीण म्हणाली, "मलापण हेच म्हणते. शाळेत मराठी माझ्या डोक्यात शिरत नव्हतं तेव्हा रोज म्हणायची. असू दे, हळूहळू येतंय."

फलाटावर घसा फोडून मराठी बोलणारी ही बाई सोलापुरात आली की मात्र गप्प. एकदा दोघी नवी पेठेत लुगडं घ्यायला गेल्या होत्या, मी सोबत होते. अव्वा नुसत्या खुणा करत होती. दुकानदारानं शेवटी हळूच विचारलं, "आईंना बोलता येत नाही का?" बाहेर आल्यावर मी अव्वाला म्हटलं, स्टेशनात तर एवढं बोलता. ती म्हणाली, "गाडीतलं माणूस निघून जातंय. सोलापूरचं माणूस हितंच ऱ्हातंय." म्हणजे चुकलेलं ऐकून हसणारा माणूस पुढच्या स्टेशनला गेला तर चालतो, समोर उभा राहिला तर नाही.

कॉलेज सुटलं. मी विमा कंपनीच्या ऑफिसात चिकटले आणि सोलापुरातच संसार थाटला. ती सीमेवरच्या खेड्यांतल्या शाळांत शिकवत राहिली. पोरं घरी कन्नड बोलणारी, पुस्तकं मराठी. तिला त्यात काही अवघड नव्हतं. ती लिहिते हे मला दिवाळी अंकात तिची गोष्ट छापून आली तेव्हा कळलं. फोनवर मी शिव्या घातल्या, आधी सांगितलं का नाही म्हणून. ती म्हणाली, "तू सगळ्या ऑफिसला सांगितलं असतंस." ते खरं होतं. छापून आल्यावरही मी सगळ्या ऑफिसला सांगितलंच.

मग तिचं पुस्तक तयार झालं. दुधनीचा फलाट, शेंगांची टोपली आणि अव्वा. नाव 'गाडी आलं'.

पुण्याच्या प्रकाशकांना पुस्तक फार आवडलं, फक्त नाव दुरुस्त करूया म्हणाले. शीर्षकातच चूक दिसली तर लोक आत काय वाचणार? ती म्हणाली, माझी आई असंच बोलते. ते म्हणाले, बरं, मग आतली आई बोलू दे तसं, नाव तेवढं 'गाडी आली' करू. ती नाही म्हणाली. मग ते म्हणाले, निदान नावाला अवतरणचिन्हं घालू, म्हणजे वाचकाला कळेल की आपल्याला व्याकरण येतं. त्यावर मला फोन करून ती म्हणाली, "अवतरणचिन्हं म्हणजे अव्वाला घरात घ्यायचं आणि नाकाला रुमाल लावायचा." मी म्हटलं, हेच त्यांना सांग. तिनं सांगितलं. बरेच दिवस तिकडून काही उत्तर आलं नाही. आता पुस्तक बुडालं असं ती धरून चालली होती. मग एका दुपारी मी एका गिऱ्हाइकाला हप्ते समजावून सांगत असताना मोबाइलवर मुखपृष्ठ आलं. ठसठशीत अक्षरांत, चिन्हाबिन्हाशिवाय, 'गाडी आलं'. मी खुर्चीतून उठून ओरडले, "आलं!" गिऱ्हाईक घाबरलं. म्हणालं, "काय आलं, मॅडम? पैसे?"

प्रकाशन सोलापुरात, आणि प्रमुख पाहुणे आमचे सर. हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "अख्ख्या महाराष्ट्रात तुला दुसरं कुणी मिळालं नाही व्हय?" चिडले की माझं नातेपुतं अजून बाहेर येतं.

"दुसऱ्या कुणी मला रोज दारात उभं केलं नव्हतं," ती म्हणाली.

सर आता खूप थकलेत, पण आवाज तोच. तिनं पुस्तक पाठवलं होतं. सरांचा फोन आला. पुस्तक वाचलं म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "शीर्षकाबद्दल मला बोलायचं आहे. ते मी तिथंच बोलेन." एवढं बोलून ठेवून दिला.

त्यानंतर तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मी म्हटलं, अगं, बोलू दे काय बोलायचं ते, पुस्तक तर छापून झालं. ती म्हणाली, "तुला कळत नाही. अव्वा पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला वाटतं कॉलेजात गेले तेव्हापासून माझं मराठी चोख. तिचं बोलणं तोंडात घेऊन मी वर्षभर उभी राहायचे, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. सर तिथं सगळ्यांदेखत 'गाडी आली' म्हणाले तर तिला एका क्षणात कळेल. मग ती दुधनीच्या फलाटावरपण मराठी बोलणार नाही."

ज्या बाईच्या बोलण्याचं पुस्तक केलं, तिचंच बोलणं त्या पुस्तकामुळे बंद पडायची वेळ आली होती. मी एवढंच म्हटलं, मग सरांना नको बोलवू. ती म्हणाली, "त्यांच्यासमोर उघडलं नाही तर हे पुस्तक मी उघडलंच नाही."

कार्यक्रमाचं बॅनर करायचं काम माझ्याकडे होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या खडखडाटात, एका ओळखीच्या माणसाचं फ्लेक्सचं दुकान आहे. सगळा मजकूर मी मोबाइलवर पाठवला होता. आदल्या दिवशी आणायला गेले तर त्यानं कौतुकानं बॅनर उलगडून दाखवलं. पिवळ्या रंगात, हातभर उंचीची अक्षरं: 'गाडी आली'.

मी जे सुरू झाले ते मागचे लूम बंद पडावेत इतक्या आवाजात. तो बिचारा गोंधळून उभा. माझं संपल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमचं टायपिंग चुकलं म्हणून मी दुरुस्त केलं."

"कुणी सांगितलं दुरुस्त करायला?"

"आमच्या घरी तेलुगू की. आमची अम्मा अजून 'लाइट आलं' म्हणते. मी शाळेत तसं बोललो की बाई पट्टीनं हाणायच्या. तेव्हापासून 'आलं' दिसलं की माझा हात आपोआप 'आली' करतो."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्याला सगळं सांगितलं. दुधनी, शेंगा, अव्वा, पुस्तक. तो ऐकत राहिला. मग त्यानं ते बॅनर गुंडाळून बाजूला टाकलं आणि संगणकावर जाऊन बसला. 'आली' खोडून 'आलं' लिहिलं आणि अक्षरं आणखी मोठी केली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या मी अम्माला घेऊन आलो तर चालेल का?"

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचं सभागृह भरलं. खरं सांगते, मला एवढी गर्दी वाटली नव्हती. मागच्या रांगा आमच्याच वर्गातल्या पोरांनी धरल्या होत्या. पोरं म्हणजे आता टक्कल पडलेली, पोट सुटलेली, गुडघे धरून उठणारी. त्यांतल्या एकानं मला कानात विचारलं, "आलं आलं का?" मी व्यासपीठाकडे बोट दाखवलं. नवं कोरं इरकल नेसून ती सरांच्या शेजारी बसली होती आणि तिचा एक पाय सारखा हलत होता. अव्वा पहिल्या रांगेत, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, सकाळपासून एक अक्षर न बोलता.

सर उठले. दोघांनी धरून त्यांना माइकपाशी नेलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, चष्मा वर केला, मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं आणि त्या जुन्या, खणखणीत आवाजात वाचलं:

"गाडी आली."

व्यासपीठावर तिचा हलणारा पाय थांबला. मी अव्वाकडे बघायचं धाडस केलं नाही.

आणि मागून, ज्या पोरांनी वर्षभर रोज ते दुसरं उत्तर दिलं होतं त्यांच्या रांगेतून, एका सुरात आवाज आला:

"आलं!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज अम्माला घेऊन त्यांच्यातच बसलेल्या फ्लेक्सवाल्याचा होता. आणि या वेळी त्या सुरात मीही होते.

सरांनी चष्म्यावरून मागे बघितलं. "कोण ओरडलं? उभे राहा." आणि तो सगळा पोटसुट्या, टकल्या लोकांचा घोळका खरोखर उठून उभा राहिला. सरांनी विचारलं, "गाडी काय?"

"आलं, सर!"

"पुन्हा."

या वेळी सगळं सभागृह म्हणालं. फ्लेक्सवाल्याची अम्मा म्हणाली, ग्रंथपाल म्हणाले, पुण्याहून आलेले प्रकाशकही म्हणाले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीचा झालेला नाही.

सरांनी पुस्तक पुन्हा डोळ्यांशी नेलं. "गाडी आलं," त्यांनी सावकाश वाचलं. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "बरोबर. बसा." ती बसलेलीच होती, तरी पुन्हा नीट सावरून बसली. शीर्षकाबद्दल सर एवढंच बोलले. बाकी भाषण त्यांनी शेंगांवर केलं.

सर मुद्दाम चुकले की सवयीनं, यावर आमच्या दोघींचा अजून वाद आहे. मी म्हणते मुद्दाम, त्यांनी ते फोन केला तेव्हाच ठरवलं होतं. ती म्हणते, जन्मभराची सवय, तोंडून निसटलं. घाईत घरचंच बाहेर पडतं, सरांचं काय आणि माझं काय.

कार्यक्रम संपल्यावर सर खाली उतरले आणि अव्वापुढे येऊन हात जोडून उभे राहिले. अव्वा गडबडून उठली. एवढा आरडाओरडा कशाचा झाला हे तिला नीट कळलं नव्हतं. तिनं लेकीला कन्नडमध्ये हळूच विचारलं. माझी मैत्रीण सरांकडे बघून हसली आणि अव्वाला कळावं, सरांनाही ऐकू यावं, म्हणून मराठीतच म्हणाली, "काही नाही, अव्वा. सरांचं चूक झालं. सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलं."

अव्वानं सरांकडे बघितलं. वयानं वाकलेला, हात जोडून उभा असलेला मोठा मास्तर. तिला फार वाईट वाटलं असावं. तिनं पदर सावरला, त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि माझ्या आठवणीत सोलापुरात पहिल्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा फलाटावरच्या आवाजात मराठी बोलली.

"असू द्या, सर. हळूहळू येतंय."